न उघडणारी खिडकी आणि भाकरीचा घास

या ग्रुपवरच्या निम्म्या पोस्टखाली "लॉजिक कुठाय?" अशी कमेंट दिसते ना, ती टाकणारी मीच. त्यामुळे आज माझ्याच नावाने ही पोस्ट बघून काही जणांना गुदगुल्या होणार, हे मला माहीत आहे. होऊ द्या.

माझे बाबा आर्वीला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. गुलाबी, पिवळी, हिरवी... प्रेसमध्ये ज्या रंगाचा कागद उरला असेल त्या रंगाची. मला वाचायला आलं ते बाराखडीच्या तक्त्यावरून कमी आणि 'पाण्याने पेटणारा दिवा : चमत्कार नव्हे, रसायन' असल्या मथळ्यांवरून जास्त. गिरडच्या टेकडीवर लोक चमत्काराचे मानतात ते सुपारीएवढे गोल दगड खरे कसे तयार झाले, यावरचं पत्रक मी शाळकरी वयात पायथ्याशी उन्हात उभी राहून वाटलं आहे. माझं नाव क्रांती. एवढं सांगितलं की घराचा अंदाज यावा.

भुतंखेतं, देवचार, बाहेरची बाधा — यातलं काहीही मी मानत नव्हते. आजही मानत नाही. हे वाक्य खाली पोस्ट संपल्यावरही तसंच राहणार आहे, आणि माझा खरा संताप तोच आहे. मानायला लागले असते तर निदान सुटले असते.

झालं असं. माझी चुलत बहीण ऋतुजा उझबेकिस्तानात उर्गेंच नावाच्या गावी डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. गेल्या वर्षी पोळा झाला आणि तिचा फोन आला की कावीळ झाली आहे, पण परीक्षा असल्यामुळे घरी येणार नाही. तिची आई, म्हणजे माझी मोठी आई, रोहण्याला शेती करते. मोठे बाबा नाहीत. ऋतुजा एकुलती एक. मोठी आई तेव्हापर्यंत नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती, पण फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "पासपोर्ट काढून ठेवला होता ना त्या पोरीनं माह्या? मंग काढा तिकीट." सोबत कोण, तर मी. कारण मी घरात बसून लेख लिहिते, म्हणजे रिकामी आहे असा आमच्या घराण्याचा ठाम समज आहे.

मोठ्या आईला शुगर आहे. बरीच जुनी. जेवणाआधी पोटाला इन्सुलिनची सुई घेते. सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं आहे की सुई टोचली की अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते. ती हे काटेकोर पाळते. तव्यावर भाकर टाकते, सुई घेते, भाकर उलटते.

ती अजून एक गोष्ट पाळते. घराबाहेर, म्हणजे वावरात, जत्रेत, प्रवासात कुठेही भाकर सोडली की पहिला घास मोडायचा, त्याला चटणी लावायची, अंगठ्याने दाबायचा आणि बाहेर टाकायचा. वावरात असेल तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. "ज्याची जागा, त्याले पह्यले." आणि एकदा घास मोडला की तो बाहेर गेल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. चहा-बिस्किटाला हा नियम नाही, फक्त भाकरीला. का? विचारलं की म्हणते, "चहा काय जेवन असते काय?" बघा, लॉजिक आहे.

सेवाग्राम ते दिल्ली आम्ही स्लीपरने गेलो. तिथे काही अडचणच आली नाही. गजांच्या खिडकीतून घास भुर्रकन बाहेर. विमानात तिने भाकर सोडलीच नाही, चहा-बिस्किटावर काढलं. ताश्कंदच्या लॉजला मागे अंगण होतं. मग संध्याकाळी आम्ही उर्गेंचच्या रात्रगाडीत बसलो.

आता त्या गाडीबद्दल. परदेशातल्या रात्रगाड्यांचे व्हिडिओ बघून इथे काही जण हरखून जातात, पांढरी चादर, पडदे, चहाचे नक्षीदार कप. त्यांना मला हात जोडून सांगायचं आहे... प्लॅटफॉर्म जमिनीलगत आणि डब्याच्या पायऱ्या भिंतीला टेकवलेल्या शिडीसारख्या उभ्या. मोठ्या आईचे गुडघे दुखरे. मी खालून ढकलतेय, वरून अटेंडंट बाई हात ओढतेय, आणि मोठी आई मध्ये लुगडं सावरत म्हणतेय, "पोत्यावानी काऊन चढवून राह्यल्या मले?" आत चार बर्थची खोली. बॅग ठेवायची तर खालचा बर्थ पेटाऱ्याच्या झाकणासारखा उचलायचा, म्हणजे त्यावर बसलेल्या प्रत्येकाने उठायचं. वरच्या बर्थला शिडी नाही, दारालगत पाय अडकवायला एक लोखंडी खुंटी. गादीची वळकटी अशी की उलगडली तरी दोन्ही टोकं पुन्हा वर येतात. गाडी उभी असताना पंखा नाही, हवा नाही, पण छतातल्या स्पीकरमधून गाणी मात्र चालू! स्टेशन जवळ आलं की संडासाला कुलूप, स्टेशन गेल्यावर बऱ्याच वेळाने उघडणार. म्हणजे शरीराने वेळापत्रकाप्रमाणे वागायचं.

आणि खिडकी. दोन जाड काचा, मध्ये बोटभर जागा, चौकटीभोवती काळं रबर, चौकटीच्या स्क्रूंवर रंगाचे थरावर थर. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नसेल. दोन काचांच्या मध्ये खाली धूळ साचलेली, पिठासारखी बारीक. त्या धुळीत एक मेलेली माशी. ही माशी लक्षात ठेवा.

आमच्या खोलीत आणखी एकच प्रवासी होती. समोरच्या खालच्या बर्थवर एक म्हातारी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पुढचे दात सोन्याचे. मी मनात तिचं नाव सोनदाती आजी ठेवलं. तिने बसताच खरबूज कापलं. मोठ्या आईने पोटाकडे बोट दाखवून सुई टोचल्याची खूण केली. आजीने लगेच स्वतःच्या गुडघ्यांना हात लावून तोंड वेडंवाकडं केलं. दोघींचं दुखणं एकमेकींना कळलं. भाषेची गरज पडली नाही. मी मात्र फोनमधलं भाषांतर उघडून बसले होते आणि ताश्कंदला घेतलेलं सिम शहर संपताच मुकं झालं होतं.

गाडी चांगली वेगात आल्यावर मोठ्या आईने सुई घेतली. फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कांदा. घास मोडला, चटणी लावली, अंगठ्याने दाबला आणि हात खिडकीकडे नेला.

काचेला बोटं आपटली.

"हे कुठून उघडते वो, किरांती?"

"नाही उघडत. पक्की बसवलेली आहे."

"थोडीशी?"

"थोडीशीही नाही, मोठी आई. खा आता."

"खातो ना. हा घास टाकून ये पह्यले."

मी दाराबाहेर पाहिलं. बोळातल्या सगळ्या खिडक्या तशाच. डब्याच्या दोन्ही टोकांची दारं कुलूपबंद, किल्ली अटेंडंटकडे. मी परत येऊन समजावलं. आधी प्रेमाने. मग वैज्ञानिक पद्धतीने. मग आवाज चढवून. "तुझ्या अंगात इन्सुलिन गेलंय. ते घासासाठी थांबणार नाही."

"मी थांबतो ना."

"संडासातून टाकू? तिथून थेट रुळावर पडते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "संडासात? तुह्या बापानं जलमभर पत्रकं वाटली, पन अन्न नाई टाकलं संडासात."

"मग इथं काचेपाशी ठेव."

"काचेच्या आत तर आपनच बसलो आहो. आपनच आपल्याले देऊ?"

मला खरंच रडू यायला लागलं होतं. "समज नाही दिला घास. काय होईल? सांग ना. काय होईल?"

ती हळू आवाजात म्हणाली, "माह्यं काई नाई. माह्यी पोर तिकडं पिवळी पडून राह्यली. अन् मी या परक्या मुलखात, ज्याचा हा मुलूख त्याले न देता गिळू? तिच्यावर आलं म्हन्जे?"

यावर कुठल्या रंगाच्या कागदावर काय छापायचं, सांगा.

मी तो घास तिच्या हातातून घेतला आणि अटेंडंटच्या खोलीकडे पळाले. ती गरम पाण्याच्या टाकीपाशी कप मोजत होती. मी दाराकडे बोट दाखवलं, किल्ली फिरवल्याची खूण केली, घास दाखवला आणि बाहेर फेकल्याचा हात केला. तिचा चेहरा बदलला. धावत्या गाडीचं दार उघडायचं नाही हे तर होतंच... पण तिचे डोळे दारावर नव्हते, भाकरीवर होते. भाकर फेकायची? तिने तोंडाचा पट्टा सोडला. एक शब्द कळला नाही, अर्थ सगळा कळला. पाहुण्यांसमोर ताटातलं टाकल्यावर आपली आई जे बोलते ते. तिने मला दंडाला धरून आमच्या खोलीत आणलं आणि सोनदाती आजीसमोर माझी तक्रार मांडली.

आजीने कपाळावर हात मारला. माझ्या हातातून घास काढून घेतला. ओठांना लावला, कपाळाला लावला आणि उभी राहून खिडकीच्या वर, पडद्याच्या दांडीमागे जी अरुंद पट्टी होती तिच्यावर नीट ठेवला. मग बोट हलवून मला बजावलं. फेकायचा नाही.

झालं! एका म्हातारीचा धर्म म्हणतो घास बाहेर गेलाच पाहिजे. दुसरीचा धर्म म्हणतो भाकर बाहेर टाकणं पाप. आणि मध्ये मी, दोन्ही न मानणारी, हातात शुगर मोजायचं मशीन घेऊन! मी ओरडले सुद्धा, "तुम्ही दोघी आपसात ठरवा, पण बाई मरून राह्यली इथं!" कुणाला कळलं? कुणालाच नाही.

मोठ्या आईला घाम सुटला होता. मशीनवरचा आकडा फारच खाली गेला होता. तिचे ओठ थरथरायला लागले, नजर सुटल्यासारखी झाली. मी कपात साखर कालवली, अर्धी सांडली. चमचा ओठाशी नेला. तिने दात घट्ट आवळले. साखर कमी झाली की माणूस हेकट होतो, ओळखीच्याला ढकलतो, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं. तिने चमचा ढकलला, साखरेचं पाणी गळ्यावरून ब्लाउजात गेलं. आजी आता उठून तिचे पाय चोळत होती. अटेंडंट दारात उभी, तिलाही आता कळलं होतं की हे भाकरीचं भांडण राहिलेलं नाही. ती धावत जाऊन साखरेच्या पुड्या घेऊन आली. मी मोठ्या आईचा जबडा धरला. खरं सांगते, मी जोर लावला. नाही उघडला.

"घास..." ती दातांमधून म्हणाली. एवढंच.

आणि मग... मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, तेव्हा मी फक्त तिचा चेहरा पाहिला, बाकी काही नाही, हे आधी नोंदवून ठेवते. तिची नजर माझ्या खांद्यावरून खिडकीकडे गेली. कपाळावरची आठी गेली. एखादा पाहुणा पाटावर बसलेला बघून घरची बाई सुटकेचा श्वास सोडते, तशी ती सैल पडली.

"गेला," ती म्हणाली. "भेटला त्याले."

आणि तोंड उघडलं.

मी चमच्यामागून चमचा साखरपाणी घातलं. मग भाकरीचे तुकडे. आजी प्रत्येक घासाला मान डोलावत होती. थोड्या वेळाने मोठ्या आईच्या तोंडावर रंग आला आणि तिने पहिली गोष्ट काय विचारावी? "चटनीचा डबा झाकला काय वो?"

मी वरच्या पट्टीकडे पाहिलं. रिकामी.

गाडी हलते, घास पडला असणार. सरळ गोष्ट. मी गादी झटकली, बर्थखाली पाहिलं, बॅगा हलवल्या. माझ्यापेक्षा जास्त शोध आजीने घेतला, कारण भाकर पायाखाली येणं तिच्यासाठी भयंकर. फोनची बॅटरी लावून तिने जमिनीचा कानाकोपरा बघितला. पडदा झटकला. अटेंडंट झाडू घेऊन आली. कांद्याची सालं निघाली, खरबुजाच्या बिया निघाल्या, कुणाचं तरी जुनं बटण निघालं. घास नाही.

"भेटला म्हनलं ना तुले," मोठी आई बर्थवरून म्हणाली. "झोप आता."

झोप कसली. दर थोड्या वेळाने तिची बोटं टोचून साखर बघत मी टक्क जागी राहिले. घासाचा विषय मी डोक्यातून काढून टाकला होता. आजीने गुपचूप खाल्ला असेल, नाहीतर अटेंडंटने खिशात घातला असेल. मला काय करायचंय!

सकाळी पडद्यामागून ऊन आलं. बाहेर वाळू आणि खुरटी झुडपं. आजी आधीच उठून बसली होती आणि खिडकीकडे बघत होती. हलत नव्हती. मी वरून खाली वाकून पाहिलं.

घास दोन काचांच्या मध्ये होता.

खाली, उजव्या कोपऱ्यात. त्या पिठासारख्या धुळीवर अलगद ठेवल्यासारखा. शेजारी ती माशी, होती तशीच पाठीवर. धुळीवर ओरखडा नाही, सरकल्याची रेघ नाही. पांढरट ज्वारीची भाकर, जवसाची करडी-तांबडी चटणी आणि मध्ये मोठ्या आईच्या अंगठ्याचा खोलगट ठसा.

कमेंटमध्ये काय येणार ते मला पाठ आहे, कारण त्या कमेंट मीच लिहिते. "आधीपासूनच असेल." ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी? त्या गाडीत? आणि आदल्या संध्याकाळी मी धूळ पाहिली होती, माशी पाहिली होती. "रबराच्या फटीतून सरकला असेल." मी आतून बोटाच्या नखाने सगळी चौकट तपासली. नख जात नव्हतं. घास पुरीच्या अर्ध्याएवढा होता. "कुणीतरी खिडकी उघडली असेल." रंगाचा एक पापुद्राही निघालेला नव्हता, आणि मी रात्रभर जागी होते. "तुला भास झाला." मग सोनदाती आजीला कसला भास झाला? अटेंडंटला?

अटेंडंट चादरी गोळा करायला आली आणि बघताच पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू. तिला वाटलं आम्ही खिडकी बिघडवली. तिने खिशातून चौकोनी किल्ली काढली, चौकटीला कुठे ती लागते का पाहिलं. कुठेच लागली नाही. स्क्रूवरचा रंग नखाने खरवडून पाहिला. काचेवर थाप मारली. घास हलला नाही. मग तिने माझ्याकडे बघून दोन्ही हात उलटे केले. कसं? मीही तेच केलं. कसं? आम्ही दोघी तशाच हात उलटे करून उभ्या राहिलो.

सोनदाती आजी मात्र खूश होती. भाकर पायाखाली आली नाही, फेकली गेली नाही, नीट ठेवलेली आहे. मोठी आईही खूश. घास तिच्या मते काचेबाहेर गेला होता. दोघी वेणीफणी करत बसल्या. त्या डब्यात अडचण फक्त मला होती!

मी मोठ्या आईला म्हणाले, "भेटला म्हणत होतीस ना? हा बघ, इथेच पडलाय. कोणी खाल्ला नाही."

"खात नसते ते," ती कंगव्यातले केस काढत म्हणाली. "आपल्या हातून सुटावं लागते."

"पण काचेतून गेला कसा?"

"मले काय माईत? तू शिकली ना? तू सांग."

उर्गेंचला ऋतुजा घ्यायला आली होती. डोळे पिवळे, गाल बसलेले, पण हसत. मोठ्या आईने तिला तिथेच प्लॅटफॉर्मवर तोंड कुरवाळून पाहिलं आणि मग विचारल्यावर प्रवासाचं वर्णन एका वाक्यात केलं. "गाडी चांगली हाय, खिडकी तेवढी उघडत नाई." मी ऋतुजाला कोपऱ्यात घेऊन आधी शुगरचं सांगितलं. ती आईवर इतकी चिडली की घासाचं सांगायची मला हिंमत झाली नाही.

फोटो आहे. अर्थात काढला. काच चमकते, मध्ये माझाच फोन धरलेला हात दिसतो आणि कोपऱ्यात घास. फोटोवरून तो काचेच्या आत आहे, बाहेर आहे की मध्ये, काहीही सिद्ध होत नाही. दुसऱ्या कुणी असला फोटो पुरावा म्हणून टाकला असता तर मी त्याची सालं काढली असती. म्हणून टाकत नाही.

परत आल्यावर बाबांना सांगितलं. ते हसतील किंवा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद घेतला, खिडकीचं चित्र काढायला लावलं, काचांमधलं अंतर विचारलं, रबर कुठपर्यंत होतं ते विचारलं. पुढचे काही दिवस जेवतानाही मध्येच थांबून विचारायचे, "वरून हवा यायले भोक होतं काय गं?" नव्हतं. शेवटी एके दिवशी चित्र बाजूला सारून म्हणाले, "नाई समजत."

"मग काय लिहू?"

"जे पाह्यलं ते. अन् खाली लिही, समजलं नाई म्हनून. त्यात लाज काऊन वाटून राह्यली तुले? आपन बुवा थोडी आहो, सगळंच समजायले."

म्हणून लिहिलं. पुन्हा सांगते, मी त्या घासाला चमत्कार म्हणत नाही. पण फसवणूक म्हणायला फसवणारा सापडत नाही आणि अपघात म्हणायला वाट सापडत नाही. तो डबा कुठेतरी धावत असेल. त्या मार्गावर आपल्याकडची मुलं जातात. कुणाला खाली उजव्या कोपऱ्यात, माशीशेजारी, अंगठ्याचा ठसा असलेला वाळका तुकडा दिसला तर मला कळवा. आणि तो तिथे कसा जाऊ शकतो हे सांगता आलं, तर मी तुमचं पत्रक स्वखर्चाने छापून आर्वीच्या बाजारात वाटीन. कागदाचा रंग तुम्ही सांगा.

एका गोष्टीवर मात्र मी मोठ्या आईशी भांडून जिंकले. घासाला माझी हरकत नाही, सुई कधी घ्यायची ते मी ठरवणार. तिच्या इन्सुलिनच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला आहे, 'आधी घास, मग सुई.' परवा रोहण्याला वावरात तिच्यासोबत जेवायला बसले. तिने घास मोडला, अंगठ्याने दाबला, धुऱ्यावर टाकला. कावळा आला आणि घेऊन गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. कोण नेतंय ते दिसलं, की किती बरं वाटतं!

"गेला," मी म्हणाले.

"मंग दे सुई," मोठी आई म्हणाली, आणि हात पुढे केला.